ईटीपीवरचा यूव्ही सीओडी प्रोब: कापड प्रोसेसिंगवाल्यांनी घेण्याआधी

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र. तिथल्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप, हा प्रोब यूव्ही (अतिनील) प्रकाश किती शोषला जातो त्यावरून अंदाजतो. २५४ नॅनोमीटरवर चालणारा हा प्रोब विकताना एक प्रात्यक्षिक हमखास दाखवतात. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट २१२.५ मिलिग्रॅम, लिटरभर पाण्यात. प्रोब बुडवला की पडद्यावर सीओडी २५०. आकडा खराच आहे, पण त्यावर भुलू नका. थॅलेट यूव्ही प्रकाश भरपूर शोषतं. डिसायझिंगच्या (कापडावरची खळ धुऊन काढण्याच्या) पाण्यातला स्टार्च जवळजवळ शोषतच नाही. एरेशन टाकीवर (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववतात ती टाकी) ताण आला आणि स्टार्च पुढे निसटला, तर प्रयोगशाळेतला सीओडी चढतो, प्रोब मात्र ढिम्म. उलट, गडद रंगाचा लॉट सुटला की प्रोबच आधी बोंब मारतो.

म्हणून कॅलिब्रेशन आपल्याच आउटलेटच्या पाण्यावर करून घ्या. फिकट, गडद, डिसायझिंग अशा वेगवेगळ्या लॉटचे नमुने घ्यायचे, त्याच क्षणीचं रीडिंग टिपायचं, नमुन्याची डायक्रोमेट पद्धतीने (प्रयोगशाळेतली सीओडीची रासायनिक चाचणी) तपासणी करून दोन्हींचा मेळ प्रोबमध्ये भरायचा. रंगांचा माल बदलला की पुन्हा. हे काम करारात लेखी नसेल तर विक्रेता येत नाही, हे गृहीतच धरा.

प्रोबच्या दोन काचांमधली, पाणी शिरतं ती फट १ किंवा २ मिमीची मागा. १० मिमीत गडद पाण्यातून प्रकाश पलीकडे पोहोचत नाही आणि आकडा वरच्या टोकाला अडकतो. चुना वापरणाऱ्या ईटीपीत काचेवर पांढरा थर बसतो. नुसत्या हवेच्या झोताने तो निघत नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पुसावा लागतो. झोतासाठीचा कॉम्प्रेसर तेलविरहितच असावा. तेलाची पुसट साय काचेवर आली तरी रीडिंग फुगतं.

एवढी कटकट का, तर आकडा थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति लिटर; मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतिपत्रात कडक असेल तर तीच धरायची. केंद्रीय मंडळाच्या भरपाईच्या सूत्राने लाल (सर्वाधिक प्रदूषणाच्या) श्रेणीतल्या लघुउद्योगाला, १० लाख लोकसंख्येच्या आतल्या शहरात, ८० (श्रेणीचा प्रदूषण निर्देशांक) × २५० (रुपयांचा दर) × ०.५ (लघुउद्योगाचा गुणक) × १ (शहराचा गुणक), म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. हिशेब उल्लंघनाच्या दिवसांचा आहे. मर्यादा किती ओलांडली याचा वेगळा गुणक सूत्रात नाही. सीओडी २६० असो वा ९००, दोन्ही एकाच मापात, हे आम्हाला काही पटत नाही.

साखर कारखाने आणि डिस्टिलरींनी हा प्रोब घेऊच नये. साखर आणि अल्कोहोल त्याला दिसतच नाहीत. तिथे डायक्रोमेटवर चालणारा ॲनालायझरच बरा, रसायनांचा खर्च वाढला तरी.