पियानोवर सजावट की शेजारी झाड?
आमच्या कॅम्पातल्या हॉलमध्ये आईचा जुना अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा, पियानो आहे आणि दर नाताळला हाच प्रश्न, सजावट त्याच्यावरच मांडायची की तो मोकळा ठेवून बाजूला झाड उभं करायचं. वर मांडलं की दिसतं झक्कास, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा), माळ, लायटिंग सगळं नजरेसमोर, आणि जागा वाचते, फ्लॅटमध्ये ती मोठी गोष्ट. पण वाजवायला बसलं आणि खालचे सूर लागले की काचेचे गोळे किणकिणायला लागतात, मेणबत्ती तर नकोच, एकदा मेण ओघळून पॉलिशवर डाग पडला तो अजून तसाच आहे. पाण्याची फुलदाणी त्याहून वाईट, आत 200च्या वर तारा, लाकूड आणि फेल्ट, पाणी सांडलं की संपलंच.

झाडाला कोपरा लागतो, खरंय, पण चार फुटी प्लास्टिकचं पुरतं. फक्त पियानो आणि भिंतीच्या मधे कोंबू नका, अपराइटचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी फळी, मागच्या बाजूला असतो, आवाज दबतो.

मला तरी झाडच आवडतं. पियानोवर जाड कापड टाकून त्यावर फक्त गव्हाणी ठेवायची, म्हणजे 24 तारखेच्या रात्री सगळे भोवती जमून कॅरल म्हणतात तेव्हा काही उचलाउचली करावी लागत नाही.