श्वासाच्या स्नायूंची तालीम: आयएमटी नळी सात महिने वापरल्यावर

तीन चेंडू वर चढवायचं जे प्लॅस्टिकचं खेळणं ऑपरेशननंतर हातात देतात, ते म्हणजे आयएमटीची नळी नव्हे. मीही फसलो होतो. सीओपीडीसाठी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) रिहॅब, म्हणजे व्यायामाचा कार्यक्रम, सुरू करताना फिजिओ मॅडमनी 'आयएमटी' (इन्स्पिरेटरी मसल ट्रेनिंग, श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंची तालीम) लिहून दिलं आणि दुकानदाराने चेंडूवालं स्पायरोमीटर गळ्यात मारलं. त्यात खोल श्वासाची सवय होते, पण ठरावीक भार नसतो. आयएमटीच्या नळीत स्प्रिंग असते. लावलेला दाब गाठल्याशिवाय झडप उघडतच नाही, हळू ओढा की जोरात. श्वास सोडताना मात्र अडथळा नाही.

माझ्या नळीवर ९ ते ४१ आकडे आहेत, सेंटिमीटर पाण्याचे. त्याचा अर्थ नातवाच्या स्ट्रॉने कळला: उभ्या स्ट्रॉमध्ये पाणी २० सेंटिमीटर वर चढवायला जेवढं ओढावं लागतं, तेवढा २० चा दाब. मॅडमनी आधी माझी ओढण्याची कमाल ताकद मोजली. ५६ भरली. तिच्या ३० टक्के, म्हणजे १७ वर सुरुवात. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. "काका, फुंकायचं नाही, ओढायचं," असं त्यांनी चारदा बजावलं. ओढायची सवय मला पस्तीस वर्षांची. त्याचीच तर फळं भोगतोय.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. नाकाचा चिमटा घामाने निसटतो. लाळ गळते, मांडीवर पंचा घेऊन बसावं लागतं. माझी कवळी ढिली, त्यामुळे ओठांच्या कडेने हवा शिरायची आणि झडप ढिम्म. मला वाटलं, नळीच बिघडली. कवळीला चिकटवायची पेस्ट लावली तेव्हा कुठे जमलं. घाईने तीस उरकले की गरगरायचं. आता दर दहा श्वासांनी मिनिटभर थांबतो.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, ३८ पायऱ्या, लिफ्ट नाही. वर येईपर्यंत माझे दोन थांबे ठरलेले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदा भाजीची पिशवी घेऊन दारात पोचलो आणि लक्षात आलं, आज एकदाच थांबलो. आता ३१ वर आहे, ताकद ७३. एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा) मात्र होता तिथेच. मी खट्टू झालो, तर डॉक्टर म्हणाले, तो हलणार नव्हताच. या आजारात हवा आत अडकून छाती फुगलेली राहते, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) चपटं होतं आणि त्याला तशा अडचणीतूनच ओढावं लागतं. तालमीने तो स्नायू दणकट होतो, फुप्फुस आहे तेच राहतं. इनहेलर चालूच आहेत. शिवाय रिहॅबमधलं चालणं आणि सायकलही सोबत होती, तेव्हा सगळं श्रेय एकट्या नळीला देत नाही.

मध्यंतरी गणपतीत गावी गेलो आणि नळी घरीच राहिली. अठरा दिवसांनी पुन्हा २९ वर लावली, तर दहाव्या श्वासाला झडप उघडेना. मुकाट २५ वर आलो.

तक्रारी किरकोळ. आकडे बारीक, चष्म्याशिवाय दिसत नाहीत. कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची, उकळायची नाही. पण धुतल्यावर आत पाणी राहतं, रात्रभर फडक्यावर उभी ठेवतो. शेजारचे अण्णा "दोन दिवस वापरून बघतो" म्हणत होते. दिली नाही. एक तर ती तोंडात धरायची वस्तू, आणि अण्णांच्या छातीत मागच्या वर्षी फुप्फुसाबाहेर हवा साचली होती. आधी डॉक्टरांना विचारा म्हटलं. ते जरा रुसलेत.