नेरूळच्या गच्चीवरील सौर पॅनेल : एका वर्षाचा अनुभव

नेरूळमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ५५० वॅटची १८ पॅनेल बसवून आता वर्ष झाले. जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या सामाईक बिलात पडलेला फरक सभासदांनी पाहिलाच आहे. काम कसे झाले, याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

ठेकेदाराच्या तरुण अभियंत्याने पहिल्याच दिवशी एक सुटे पॅनेल उन्हात ठेवून त्याला मल्टीमीटर लावला. आकडा ४९ व्होल्टपर्यंत चढला आणि वर जाड गोणपाट टाकताच झपकन खाली आला. पॅनेलमधील प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीत, एका बाजूला फॉस्फरस व दुसऱ्या बाजूला बोरॉन मिसळलेले असते, त्या दोहोंच्या सांध्यापाशी विद्युत क्षेत्र तयार होते, पुरेशा ऊर्जेच्या प्रकाशकणाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन ते क्षेत्र एका बाजूला ढकलते आणि बाहेरून तार जोडली की त्याचाच प्रवाह होतो, हे त्याने फार निगुतीने समजावले. शेजारच्या आजींनी विचारले, "मग उन्हाचा चटका जितका जास्त, तितकी वीज जास्त का?" तसे नाही. वीज प्रकाशापासून होते. उलट सेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. म्हणूनच ठेकेदाराने पॅनेल उंच सांगाड्यावर, खालून वारा खेळेल अशी बसवली, आणि हे काम खरोखर उत्तम आहे.

चूक झाली ती सावलीत. पाहणी मे महिन्यात झाली, तेव्हा सूर्य डोक्यावर होता. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलला आणि दुपारी तीननंतर टाकीची सावली दोन पॅनेलवर पडू लागली. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने सावलीतला एक सेल सर्वांचा प्रवाह रोखू शकतो. पॅनेलमधील डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, प्रवाहाला त्या सेलभोवती वळसा देतात, पण तेवढ्या भागाची वीज हातची जाते. तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी ती दोन पॅनेल विनाशुल्क हलवली गेली. दरमहा धुण्याचे आश्वासन मात्र पाळले गेले नाही, आणि कबुतरांच्या विष्ठेचा डाग हीसुद्धा सावलीच असते.

काम देण्यापूर्वी डिसेंबरातील दुपारच्या सावलीचा आराखडा लेखी मागून घ्यावा, आणि धुण्याच्या तारखा करारातच घालाव्यात.