लिंक नको, फोल्डरच द्या: सिंकथिंगवर गाणी मिक्स करताना

आमचं काम चार ठिकाणांहून चालतं. ड्रम एकीकडे रेकॉर्ड होतात, गिटार दुसरीकडे, आवाज तिसरीकडे आणि मिक्सिंग माझ्याकडे. एकत्र न बसता गाणं करायची सवय होते हो, फाइलींच्या आकाराची होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची एक मोनो वेव्ह फाइल मिनिटाला ८.६४ एमबी खाते. ड्रमला १६ माइक लावले आणि गाणं ५ मिनिटांचं असलं, की एका टेकचे, म्हणजे एकदा सलग वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगचे, झाले जवळपास ६९० एमबी. आणि एका टेकवर समाधान मानणारा ड्रमर मला तरी अजून भेटलेला नाही.

जीमेलचं अटॅचमेंट २५ एमबीला थांबतं, तेव्हा तो विषयच नाही. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पण ढीगभर ट्रॅक एकेक उतरवून जागच्या जागी लावत बसायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. मधे लिंक देणारी एक सेवा वापरून पाहिली. ड्रमरने अपलोड केलं, मी दुसऱ्या कामात अडकलो होतो, उतरवायला बसलो तोवर लिंकची मुदत संपलेली. तेही चाललं असतं. खरी गोम वेगळी होती: त्याने फक्त स्नेअर आणि किक बदलले तरी अख्खी झिप नव्याने चढवायची, अख्खी नव्याने उतरवायची. वर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘आधीचं नको हे घे’ अशा नावांचं संमेलन.

शेवटी सिंकथिंग या सॉफ्टवेअरवर आलो. हे पाठवायचं साधन नाहीच मुळी. ते दोन कॉम्प्युटरांवरचे फोल्डर सारखे ठेवतं, बस्स. मुक्त स्रोत, फुकट, २०१३ पासून चालू. मधे फाइली साठवून ठेवणारा कुणाचा सर्व्हर नाही. तुमच्या मशीनवरून थेट माझ्या मशीनवर, तेही एन्क्रिप्ट होऊन. त्यामुळे जागेची मर्यादा एकच, ती म्हणजे आपापल्या हार्ड डिस्कची. जोडणी करताना एकमेकांचा ५६ अक्षरांचा डिव्हाइस आयडी टाकायचा आणि दोन्ही बाजूंनी मान्य करायचा. आमच्या गिटारवाल्याचा पहिला प्रश्न होता, “हे टाइप करायचंय मी?” नाही बाबा, कॉपी-पेस्ट कर. क्यूआर कोडही मिळतो.

आतली करामत अशी, की प्रत्येक फाइलचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याची एसएचए-२५६ ची खूण, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढली जाते. समोरच्याकडे जो तुकडा नाही तेवढाच जातो. नेट तुटलं तर आलेले तुकडे आलेलेच राहतात, पुढचे नंतर येतात. आणि खूण जुळल्याशिवाय फाइल जागेवर बसत नाही, म्हणजे ‘झिप करप्ट आहे’ हे वाक्य आमच्या ग्रुपवरून हद्दपार झालं.

पण मी खूश झालो ते वेगळ्याच गोष्टीवर. आम्ही सगळे रेकॉर्डिंग-मिक्सिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो. ऑडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवला, की फोल्डर जसाच्या तसा पलीकडे उमटतो आणि प्रोजेक्ट उघडल्यावर ‘फाइल सापडत नाही’ची यादी येत नाही. ड्रमर त्याच्याकडे रात्री काम संपवतो, सकाळी माझ्याकडे ब्राउझरमधल्या पानावर फोल्डरपुढे हिरव्या अक्षरांत ‘अप टू डेट’ दिसतं. उघडतो तर टेक आपापल्या ट्रॅकवर, पहिल्या बारपासून बरोबर बसलेले. ना निरोप, ना पासवर्ड. यासाठी बाकीचं सगळं सहन करायला मी तयार आहे.

सहन करायला बरंच आहे, तेही सांगतो. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असायला हवीत, नाहीतर काहीच सरकत नाही. मी एक जुना मिनी पीसी कायम चालू ठेवलाय. तो चौघांचं सगळं धरून ठेवतो, ज्याला जमेल तेव्हा तो त्याच्याकडून घेतो. दुसरं, राउटरच्या अडचणीमुळे थेट जोडणी जमली नाही तर माल स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरवरून जातो. वाचता कुणालाच येत नाही, पण वेग गोगलगायीचा. जोडणीपुढे ‘रिले’ दिसलं, की आधी राउटरकडे बघा, सॉफ्टवेअरला शिव्या नंतर.

एकाच प्रोजेक्ट फाइलवर दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं, तर सिंकथिंग एका प्रतीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख घालून दोन्ही ठेवतं. हरवत काही नाही. पण दोन मिक्स एकत्र कोण करणार? म्हणून आमचा नियम: मुख्य प्रोजेक्ट फाइलला हात फक्त माझा. बाकीच्यांनी आपल्या नावाची प्रत करायची आणि ऑडिओ आपापल्या उपफोल्डरमध्ये टाकायचा.

डिलीटचंही तसंच. एकाने उडवलं की सगळीकडून उडतं. त्यासाठी फाइल व्हर्जनिंग आहे, ते सुरुवातीलाच चालू करा. त्यातली मेख मात्र माहीत हवी: जुनी प्रत जपली जाते ती दुसऱ्याकडून आलेल्या बदलाची. मी माझ्याच मशीनवर काही उडवलं तर माझ्याकडे प्रत राहत नाही, इतरांकडे राहते. तेव्हा व्हर्जनिंग सगळ्यांनीच चालू ठेवायचं, आणि तरीही याला बॅकअप म्हणायचं नाही.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोल्डर पॉज करा. नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल ते पुन्हा पुन्हा तपासत बसतं आणि डिस्क बिचारी दोन मालकांची नोकर होते. रीपरच्या पीक फाइली (ट्रॅकवर आवाजाची आकृती दाखवण्यासाठीच्या) दुर्लक्ष करायच्या यादीत टाकल्या तर उत्तम. त्या ज्याच्या त्याच्याकडे आपोआप बनतात.

मोबाइलवाल्यांची गैरसोय आहे. अँड्रॉइडचं अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता इतरांनी चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. आयफोनसाठी अधिकृत ॲप नाहीच. आमच्या गायिकेला मी मिक्स ऐकायला एमपी३ करून व्हॉट्सॲपवरच पाठवतो. फक्त ऐकायला, बरं का. एमपी३ करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घुसते. त्यावर गायलेला ट्रॅक मूळ प्रोजेक्टमध्ये आणून ठेवला तर किंचित मागे पडतो, आणि मग गायिका लयीत कच्ची आहे असा नाहक समज होतो. गायचं ते वेव्ह नाहीतर फ्लॅकवरच (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइल प्रकार).

फोल्डर सारखा राहिला म्हणजे आतला माल बरोबर आहे, असंही नाही. कुणी ४४.१ किलोहर्ट्झची फाइल टाकली आणि ती ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न होता वाजली, तर जवळपास ९ टक्के जलद आणि दीड सेमीटोन (म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दीडपट) वर ऐकू येते. त्याला सिंकथिंग काय करणार? सॅम्पल रेट (हाच तो ४४.१ की ४८ चा आकडा) आणि टेम्पो आम्ही फोल्डरच्या नावातच लिहितो.

ठरलेली टीम, महिनोन्‌महिने चालणारं काम आणि एकजण तरी सेटिंगमध्ये डोकं घालणारा, एवढं असेल तर डोळे झाकून घ्या. पाचपैकी चार तारे माझ्याकडून. पाचवा कापला तो मोबाइलसाठी. एकदाच एक फाइल द्यायची असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. मास्टरिंगवाल्याला, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, मी अजूनही साधी लिंकच पाठवतो, आणि त्याने उतरवून घेतल्याचा निरोप येईपर्यंत दोनदा फोन करतो.