जर्मनीला जायचंय: ब्लू कार्ड, चान्सेनकार्टे की आधी मास्टर्स?

पहिला प्रश्न व्हिसाचा नाही, ऑफर लेटरचा आहे. जर्मन कंपनीची ऑफर हातात असेल आणि पगार बसत असेल, तर डोळे मिटून ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना, घ्या. २०२५ साली पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, म्हणजे कर कापायच्या आधी महिना ४,०२५. आयटी, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा टंचाईच्या क्षेत्रांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ती ४३,७५९.८० युरो. हे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून सही करण्याआधी त्या वर्षीचा आकडा बघा. थोडक्यासाठी अडत असेल तर एचआरशी तेव्हाच बोला, नंतर बोलून उपयोग नाही. आयटीवाल्यांना पदवी नसली तरी चालतं, पण गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

ब्लू कार्डाचा मोठा फायदा घरच्यांना होतो. बायकोला किंवा नवऱ्याला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे जर्मनीत नोकरीही करता येते. कायमच्या वास्तव्याचा परवाना ए१ (अगदी सुरुवातीच्या) पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांत मिळू शकतो, बी१ (मध्यम पातळी) असेल तर २१ महिन्यांत. म्हणजे सहा महिने भाषेनेच वाचतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवात करून आलेला माणूस इथे निवांत असतो. ‘तिकडे गेल्यावर शिकू’ म्हणणारा ऑफिसातून दमून आल्यावर कधी शिकणार?

ऑफर नसेल तर प्रश्न अवघड होतो. १ जून २०२४ पासून चान्सेनकार्टे, म्हणजे संधीचं कार्ड सुरू झालं: एक वर्ष इथे येऊन नोकरी शोधा. त्यासाठी सहा गुण लागतात, असं सगळे सांगतात. पण तुमची पदवी जर्मनीत पूर्ण समकक्ष मानली जात असेल तर गुण मोजायचेच नाहीत. म्हणून आधी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवी दोन्ही तपासा. तिथे जमत नसेल तरच हिशेब करा. समजा वय ३३ (२ गुण), आपल्या क्षेत्रातला गेल्या सात वर्षांतला पाच वर्षांचा अनुभव (३) आणि इंग्रजी सी१, म्हणजे वरच्या पातळीचं (१). झाले सहा, जर्मनचा एक शब्दही न येता.

नेमका इथेच घोळ होतो. कार्ड मिळतं, पण आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. २०२५ च्या हिशेबाने महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो तुमच्याकडे आहेत हे आधीच दाखवावं लागतं. शिवाय घर. घरमालक पगाराच्या तीन स्लिपा मागतो, आणि नोकरीच नाही तर स्लिप कुठून आणणार? त्याने तुम्ही इथे राहता असं लिहून दिलं नाही, तर पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि पुढची बरीच कामं त्या एका कागदावर अडतात. वर्षातले पहिले दोन-तीन महिने यातच जाऊ शकतात. माझं मत स्पष्ट आहे: बी१ जर्मन नसेल तर या कार्डावर येऊ नका. आणि लग्न झालं असेल, मुलं असतील, तर हा मार्ग एकट्यापुरताच धरून चाला. नोकरी मिळाली की मात्र परत न जाता इथूनच ब्लू कार्डवर जाता येतं, हा त्याचा मोठा गुण.

तिसरा मार्ग मास्टर्सचा. वेळ जास्त जातो, पण पंचविशीच्या आतल्याला मी हाच सांगेन. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आणि भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र आणावं लागतं. फी बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही. बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्हणजे स्टुटगार्ट आणि कार्ल्सरुऽ, जिथे जाणारी पुण्याची मुलं कमी नाहीत, ती याच राज्यात. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि त्या काळात पूर्णवेळ काम करायला आडकाठी नाही. चान्सेनकार्टेच्या बारा महिन्यांशेजारी हे १८ ठेवून बघा.

गोव्याच्या वाचकांसाठी एक वेगळीच गोष्ट. आजी-आजोबा किंवा आई-वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले असतील आणि पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रं जमत असतील, तर यातलं काहीच लागत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकाला जर्मनीत राहायला परवाना नको. मात्र तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि मग ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या कार्डावर, यावं लागतं. सातबारावर नाव असलेल्यांनी आधी घरी बसून बोलून घ्या: ओसीआयवाल्याला वारसाहक्काने जमीन मिळू शकते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.