चार महिन्यांचं काम अडीच महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

कुत्र्याला जर्मनीला नेऊन परत आणण्याच्या नावाखाली वाशीतल्या एका एजंटने आमचे २,२५,००० रुपये खाल्ले. असे लोक कसे गंडवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते आम्हीही वाचलेलं होतं. म्हणूनच ठाण्याहून वाशीला जाऊन ऑफिस बघितलं, बिल मागितलं, बिलावरचा जीएसटी नंबर तपासला. नंबर अंक-अक्षरं मिळून पंधरा, २७ ने (महाराष्ट्राचा कोड) सुरू होणारा आणि पोर्टलवर चालू. तो दुसऱ्याच कुठल्यातरी फर्मचा होता, हे नंतर कळलं. नंबर चालू आहे एवढं पाहून थांबू नका, पोर्टलवर येणारं नाव बिलावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा.

पॅकेज १,८५,००० चं. कातडीखालची ओळखीची चिप आणि लस ४,५००, रेबीज टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजणारी चाचणी) ३२,०००, क्रेट (प्रवासाचा पिंजरा) २१,५००, एक्यूसीएसची (केंद्र सरकारचं प्राणी क्वारंटाइन खातं) फाइल १५,०००, विमानाचं बुकिंग ७८,०००, परतीची एनओसी आणि कस्टम ३४,०००. ८५,००० पहिल्यांदा, ५ मार्च २०२५ ला. १,००,००० रिपोर्ट आल्यावर, १५ एप्रिलला. आणि १२ मेला ४०,००० ‘परत मिळणारं क्वारंटाइन डिपॉझिट’. तिन्ही वेळा पैसे यूपीआयने गेले आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर फर्मचं नाही, एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, करंट अकाउंटचं लिमिट संपलंय, हे आमच्या पार्टनरचं.” फर्मच्या खात्याशिवाय दुसरीकडे एक रुपया पाठवू नका.

आता मुख्य गोष्ट. रेबीजच्या बाबतीत भारत युरोपियन युनियनच्या सुरक्षित देशांच्या यादीत नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याला लस टोचलेली असणं पुरत नाही, लसीचा परिणाम रक्तात दाखवावा लागतो. क्रम ठरलेला आहे. आधी आयएसओ चिप, पंधरा अंकी. चिपनंतर किंवा त्याच दिवशी रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरतच नाहीत, मग कुत्रा लहानपणापासून दरवर्षी लस घेत असला तरी. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. ते युनियनच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये जायला हवं आणि अँटिबॉडीचा आकडा ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवा. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नव्हे, रक्ताच्या तारखेपासून. हे तीन महिने एवढ्यासाठी की रक्त काढताना कुत्र्याच्या अंगात संसर्ग मुरत असेल तर त्याची लक्षणं तेवढ्या काळात दिसावीत. हा काळ पैसे देऊन कमी होत नाही. कोणी ‘फास्ट ट्रॅक’ म्हणाला की तो खोटा कागद विकतोय असं समजा.

आमच्या चिकूला (देशी कुत्री, वजन १९ किलो) ८ मार्चला चिप बसली आणि त्याच दिवशी लस झाली. ९ एप्रिलला रक्त काढलं. म्हणजे ९ जुलैच्या आधी ती युरोपात उतरूच शकत नव्हती. एजंट मात्र पहिल्या दिवसापासून २० मेचं विमान सांगत होता. “थेट लॅबशी टायअप आहे, त्यामुळे आपल्याला वेटिंग लागत नाही,” हे तो इतक्या सहज बोलायचा की शंका घेणाऱ्यालाच अडाणी असल्यासारखं वाटावं.

रक्त काढायला त्याने घरी एक मुलगा पाठवला. लाल झाकणाची नळी, त्यावर पेनाने ‘चिकू, ठाणे’. चिप वाचायचं स्कॅनर त्याच्याजवळ नव्हतं. रक्त काढून नळी त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि गेला. खरी पद्धत अशी: अधिकृत पशुवैद्य आधी स्कॅनरने चिप वाचतो, मग रक्त काढतो, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) वेगळं करतो, नळीवर आणि फॉर्मवर चिपचा नंबर लिहितो, आणि सीरम गळणार नाही अशा पॅकिंगमध्ये कुरियर होतं. नळीवर चिप नंबर नसेल तर ते रक्त कोणत्याही कुत्र्याचं असू शकतं. घरी आलेल्या माणसाकडे स्कॅनर नसेल तर त्याला सुई लावू देऊ नका.

आणि १४ एप्रिलला रिपोर्ट आला. बुधवारी रक्त, दुसऱ्या दिवशी महावीर जयंती, मग शनिवार-रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती, आणि त्या सुट्टीच्या सोमवारी युरोपातल्या लॅबचा शिक्का मारलेला रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर. नमुना युरोपात पोचायलाच इतके दिवस जातात. आकडा २.३१, चिप नंबर बरोबर, सही, शिक्का, बारकोड, सगळं जागच्या जागी. डाव्या बाजूला बारीक अक्षरात रक्त काढल्याची तारीख होती: १२ फेब्रुवारी २०२५. चिप बसली ८ मार्चला. म्हणजे ज्या कुत्रीच्या अंगात चिपच नव्हती, तिचा चिप नंबर त्या कागदावर फेब्रुवारीत नोंदलेला. १२ फेब्रुवारी अधिक तीन महिने म्हणजे १२ मे, आणि विमान २० मेचं. ती तारीख त्याने हिशेब करून मागून टाकली होती. हे डोळ्यांसमोर होतं आणि तरी दुसऱ्या दिवशी एक लाख गेले. आजही ती ओळ आठवली की संताप होतो. पण रिपोर्ट हातात पडल्यावर माणूस आकडा बघतो, चिप नंबर बघतो. लसीचं मूळ पुस्तक त्याने ‘फाइलला लावायला’ म्हणून पहिल्याच आठवड्यात नेलं होतं. ते घरात असतं तर दोन तारखा शेजारी शेजारी दिसल्या असत्या. मूळ पुस्तक कोणालाही देऊ नका, रंगीत प्रत द्या. तो रिपोर्ट बनवलाच होता एक लाख काढायला.

क्रेटही तसाच. आयाटाचं (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) माप साधं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग: ही क्रेटची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उंची एवढी की कान वरच्या बाजूला न लागता कुत्रा उभा राहील. चिकूचं ७८ सेंटिमीटर अधिक ३६ चे निम्मे १८, म्हणजे ९६. आलेला क्रेट ९१ चा, वर-खालचे भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडलेले. तिथे धातूचे नट-बोल्ट लागतात. असा क्रेट विमान कंपनी काउंटरवरच नाकारते. वर सल्ला काय, तर निघताना झोपेची गोळी द्या. प्रवासात कुत्र्याला गुंगीचं औषध देऊ नये असं आयाटाच सांगते. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडतो, आणि कार्गोत बघायला कोणी नसतं.

१५ मेला त्याने एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाच्या कार्गो पावतीचा, नंबर पाठवला. हा नंबर अकरा आकडी असतो: पहिले तीन विमान कंपनीचे (लुफ्तान्साचे ०२०), पुढचे आठ बिलाचे. त्या आठांतल्या पहिल्या सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागून जी बाकी उरते, तोच आठवा आकडा. म्हणजे शेवटी ० ते ६ यांपैकीच काहीतरी येणार. आमच्या नंबरच्या शेवटी ८ होता. कार्गो डेस्कला फोन केला, असं बुकिंगच नाही. त्याच दिवशी लॅबला रिपोर्ट नंबर मेल केला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: हा नंबर आमचा नाही, या चिपचा नमुना आलेला नाही. एजंटचा फोन तेव्हापासून बंद. वाशीचं ऑफिस म्हणजे महिन्याच्या भाड्याने घेतलेलं एक टेबल होतं.

परतीच्या ३४,००० चं वेगळं सांगायला हवं, कारण यात बरेच जण अडकतील. त्याने मार्चमध्येच ‘परतीची एनओसी’ म्हणून एक कागद दिला होता. भारतात कुत्रा आणायची एनओसी परतीच्या तारखेजवळ, तिथल्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि विमानाचे तपशील जोडून मागायची असते. वर्षभर आधी ती मिळूच शकत नाही. जर्मनीत हा सरकारी पशुवैद्य म्हणजे आम्टस्टिअरआर्त्स्ट, शेजारचा दवाखाना नव्हे. आणि इथून निघताना एक्यूसीएसने दिलेलं निर्यात प्रमाणपत्र जपून ठेवा. धंद्यासाठी कुत्रे आयात करायला २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे हा पाळीव कुत्रा इथूनच गेला होता हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. ते प्रमाणपत्र देताना कुत्रा प्रत्यक्ष बघतात. “कुत्र्याला न्यायची गरज नाही, मी करतो,” असं आमचा एजंट म्हणत होता.

आता तक्रारीचं. १६ मेला १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला, पोचपावती नंबर मिळाला. शेवटचे ४०,००० तोवर पुढच्या खात्यात गेले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे. ठाण्यातल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस वाशीला, म्हणजे हद्द नवी मुंबईची. तिकडे सांगितलं, पैसे ठाण्यातून गेले, तुमची हद्द ठाणे. मग ठाण्यात परत. “हा दिवाणी वाद आहे, करारनामा आहे का?” “कुत्रा घरी सुखरूप आहे ना ताई, मग गुन्हा काय झाला?” खोट्या परदेशी लॅबचा शिक्का हातात धरून उभं राहायचं आणि हे ऐकायचं. एका साहेबांनी तर कुत्र्यावर सव्वादोन लाख खर्च करणाऱ्यांची कीव केली. तक्रार घेतली ती साध्या अर्जाच्या रूपात. हाच रिपोर्ट घेऊन आम्ही जर्मनीत उतरलो असतो तर कुत्रीला परत पाठवणं, आमच्या खर्चाने डांबून ठेवणं आणि शेवटचा उपाय म्हणून मारून टाकणं, हे सगळं नियमात बसतं. एवढं समजावून सांगितल्यावर समोरच्याने फोन उचलला आणि दुसऱ्याशी बोलायला लागला.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. अर्जात न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे फसवणूक, आणि ३३६, म्हणजे बनावट दस्तऐवज, स्वतः लिहा. नकार मिळाला तर वरिष्ठांना लेखी कळवा, मग दंडाधिकारी. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे: २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आमची तिथे दाखल आहे.

चिकूचं रक्त २१ मेला नव्याने काढलं, नेहमीच्या डॉक्टरांकडून, स्कॅनर लावून, आणि नमुना आमच्या नावाने गेला. तारीख २१ ऑगस्टवर गेली. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं तर कुत्र्याला व्यापारी मालाचे नियम लागतात, त्यामुळे आधी एकाने पुढे जायचं हा बेतही मोडला आणि तिकिटाचे पैसे वेगळे गेले. आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात प्रवेश व्हावा लागतो, म्हणून तिकीट बदललं की तेही नव्याने.

तो एजंट नव्या नंबरवरून पुन्हा जाहिरात करतोय, ‘४५ दिवसांत युरोप, डोअर टू डोअर’. ठाणे, नवी मुंबईत ज्यांनी अशा कोणाला पहिला हप्ता दिलाय, त्यांनी आजच रिपोर्टवरचा नंबर थेट लॅबला मेल करावा. लॅबचा पत्ता एजंटच्या कागदावरून नको, युरोपियन कमिशनच्या यादीतून घ्या. उत्तर येईपर्यंत दुसरा हप्ता देऊ नका.