जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकावं का? एका डीटीपीवालीचा अनुभव

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, गंधमुक्तीच्या पत्रिका, शाळांचे पेपर, सगळं एकाच मशीनवर. इंटेलचा आय-५ प्रोसेसर, चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जो तो सांगायला लागला, "ताई, आते नवाच लई ल्या."

माझ्यासारखे ज्यांचं पोट जुन्या मशीनवर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझं मशीन यात कुठेच बसत नाही. एका दुकानदाराने "रुफसने बायपास करून देतो, काही होत नाही" असं सांगितलं. म्हणजे रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने या अटी चुकवून विंडोज ११ टाकायचं. मी नको म्हटलं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन आलं की पुन्हा तीच खटपट. ऐन लग्नसराईत मशीन बसलं तर वरपक्षाला मी काय सांगणार?

मी घेतला तो ईएसयू, म्हणजे विंडोज १० चे जास्तीचे सुरक्षा अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आधी विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन असायला हवं. मग सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की फुकट. नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. यात नवीन फीचर काही मिळत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट. मला तेवढंच हवं होतं.

खरा फरक मात्र एसएसडीने, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कने, पडला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका मुलाकडे मशीन नेलं. त्याने माझ्यासमोर कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धुळीचा थर, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी पापुद्रे धरलेली. आपल्याकडचा मे महिना म्हटल्यावर दुसरं काय होणार! त्याने ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, जुन्या हार्डडिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एसएसडीवर घेतलं आणि पेजमेकर या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमधली जुनी पत्रिका मला उघडून दाखवली. अक्षरं जागच्या जागी, फॉन्टचा डोंगलही (फॉन्ट चालण्यासाठी मशीनला लावायची किल्ली) चालू. मगच पैसे मागितले. "नवीन घ्या" असं एकदाही म्हणाला नाही. अशा कारागिराला पाचपैकी पाच.

आधी दुकान झाडून व्हायचं तेव्हा कुठे डेस्कटॉप यायचा. आता खुर्चीवर टेकते तोवर मशीन तयार असतं. दोन हजारांच्या आसपास खर्च आला आणि तो सार्थकी लागला.

दुसरं एक जुनं मशीन झेरॉक्सच्या टेबलावर असतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेतलीय. ती फुकट आहे आणि तिला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. ऑनलाइन फॉर्म, ईमेल, प्रिंट, युनिकोडमधलं मराठी टायपिंग, सगळं छान चालतं. मुलांच्या अभ्यासाला किंवा घरच्या वापराला मी तीच सुचवेन. पण पेजमेकर तिच्यावर चालत नाही, त्यामुळे डीटीपीवाल्यांनी मुख्य मशीनवर टाकायच्या फंदात पडू नये.

ईएसयू संपला की डीटीपीच्या मशीनचं नेट काढणार आणि ते फक्त जुन्या पत्रिकांसाठी ठेवणार. नवीन मशीन तुळशीच्या लग्नाआधी घ्यायचं ठरवलंय. पण दुकानात डोंगल आणि जुन्या फाइलींचा पेनड्राइव्ह घेऊन जाणार. विंडोज ११ वर तिथल्या तिथे एक पत्रिका उघडून प्रिंट काढून बघणार आणि मगच बिल करायला सांगणार.